हरकत घेणार नाही

आर्मिटेज, उत्तर मिशिगन
१९ जानेवारी १९८६

प्रिय आयली हिस,
रेनोचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझी संत्र्यांची पेटी पोचली आणि मग चार दिवसांनी पत्र पोचलं. आईने निम्मी संत्री शेजारीपाजारी वाटून टाकली आणि उरलेली माझ्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच्या पलंगाखाली सरकवून ठेवली आहेत. चाळीस वर्षांच्या मास्तरावर तिचा एवढा विश्वास! बर्फ खिडकीच्या वर गेलं आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी मी दारापासून रस्त्यापर्यंत वाट खोदतो आणि संध्याकाळी तीच वाट पुन्हा खोदतो. तू लॉस एंजेलिसच्या उन्हात बसून हे वाचशील आणि हसशील. हस बाई, हस.

आता खरी बातमी. तुझ्या भावाचा सिनेमा टीव्हीवर येतो आहे! जिल्ह्याच्या टीव्ही केंद्रातले मि. ड्वायर स्वतः आमच्या शाळेत आले होते. सुतारकामाच्या वर्गात भुशात उभे राहून म्हणाले की बारा मेला, खाणीतल्या अपघाताला पस्तीस वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी, संध्याकाळी सात वाजता 'एकेचाळिसावी पातळी' दाखवायचा, आणि तोही सगळाच्या सगळा, काहीही न कापता. मी इतका गोंधळलो की त्यांना बसायला खुर्चीही दिली नाही.

शाळेचा कॅमेरा उसना घेऊन तीन वर्षं मी तो सिनेमा केला तेव्हा तूच म्हणाली होतीस की चर्चच्या तळघरात दोन वेळा लागेल आणि मग त्याच्या डब्यावर जाळी धरतील. तुझं फारसं चुकलं नाही. पण त्यात बोललेल्या आठांपैकी पाच जण आता या जगात नाहीत, तेव्हा तो डबा आता नुसता डबा राहिलेला नाही. सेन्या कांगासबाईंनी, खाणीत गेलेल्या वाइनोच्या बायकोने, तर आत्तापासूनच त्या दिवसासाठी केस करून घ्यायची वेळ ठरवून टाकली आहे. कोणता झगा घालू म्हणून आईला विचारत होत्या. टीव्हीवर दिसायच्या आहेत त्या दहा वर्षांपूर्वीच्या, पण ते त्यांना कोण सांगणार?

त्यांनी मला एकच आठवण करून दिली. सिनेमाचं नाव बदलायचं नाही, हे मी शहात्तर साली त्यांना दिलेलं वचन. खाणीच्या कंपनीने आपल्या कागदांत 'खालच्या भागातील दुर्घटना' एवढंच लिहिलं. स्मारकाच्या पाटीवर 'सेवेत कामी आलेल्यांस' असं लिहिलं. बाबा आणि ते अकरा जण खाणीच्या कितव्या मजल्यावर गाडले गेले, तो आकडा अख्ख्या जगात फक्त माझ्या सिनेमाच्या नावात आहे.

तर काम असं की, मि. ड्वायरना खात्री हवी आहे. याच नावाचा दुसरा सिनेमा, गाणं, मालिका असं काही आहे का? तुझ्या त्या नावांच्या दुकानात तू दिवसभर हेच तर शोधतेस. भावासाठी एकदा खण उघडून बघ.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण शनिवारी वाफेच्या अंघोळीची, सौनाची भट्टी ती मला पेटवू देत नाही. म्हणते, माझ्या हातून धूरच जास्त होतो. लोभ आहेच, त्याला बर्फात गोठू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
रेनो


लॉस एंजेलिस
४ फेब्रुवारी १९८६

प्रिय रेनोस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अभिनंदन! कांगासबाईंना निळा झगा घालायला सांग, तपकिरी नको. तपकिरीत त्या चर्चच्या बाकासारख्या दिसतात. हे माझं नाव न घेता सांग.

तुला वाटतं तसं आमचं दुकान सोपं नाही. समोरच्या भिंतीला छतापर्यंत खण आहेत आणि खणांत कार्डं. एखाद्या कंपनीला सिनेमाचं नाव ठरवायचं असलं की ती आमच्याकडे नाव पाठवते, आणि मी त्या नावाचं, त्यासारखं, त्याच्या जवळपासचं जे जे जगात होऊन गेलं ते सगळं काढते. गेल्या आठवड्यात 'पिवळ्या दाराचं घर' असं एक नाव आलं. त्या नावाचे तीन सिनेमे निघाले, एक मुलांची मालिका आणि अकरा गाणी. त्यातली दोन गाणी टेनेसीतल्या सख्ख्या भावांची, एकमेकांशी न बोलणाऱ्या! दोघांनी एकाच साली तेच नाव दिलं आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने चोरलं. एका म्हाताऱ्या बाईंनी फोन करून मला अर्धा तास सुनावलं. त्यांच्या नवऱ्याच्या गाण्याचं नाव परवा एका साबणाच्या जाहिरातीच्या मालिकेला दिलं म्हणे. मी त्यांना शांतपणे सांगितलं की बाई, त्या नावाची गाणी एकतीस आहेत आणि तुमच्या यजमानांचा नंबर सतरावा. त्यांनी फोन आपटला.

सांगायचं ते असं की नाव कोणाच्या मालकीचं नसतं. कायदाच तसा आहे. गोष्ट चोरली तर कोर्टात जाता येतं, नाव घेतलं तर नाही. आमचं काम फक्त एवढंच की कंपनीला आधी कळावं, कोणाचं डोकं तडकेल आणि कोणाचं नाही. म्हणून प्रत्येक यादीत शेवटचा एक रकाना असतो, 'हरकत घेईल का?' बाकीचे रकाने कार्डांवरून भरता येतात. तो मात्र अंदाजाने भरावा लागतो, आणि माझा अंदाज चुकत नाही असं आमचे साहेब मि. ब्रॉडी सगळ्यांना सांगतात. वीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

तुझ्या मि. ड्वायरना सांग की जुन्यांत त्या नावाचं काही नाही. पण नावाचा एवढा हट्ट कशाला धरायचा? टीव्हीवर बघणाऱ्यांना पातळी म्हणजे काय हेच कळणार नाही. 'खाणीच्या बायका' असं काहीतरी साधं ठेवलंस तर जास्त लोक बघतील. विचार कर, लगेच फुरंगटू नकोस.

आईला म्हणावं गुडघ्याला लोकर बांध. माझी माया आहे तिथेच आहे, पत्राला उशीर झाला तरी.

तुझी,
आयली


आर्मिटेज
१६ मार्च १९८६

प्रिय आयली,
स. न. वि. वि.

हे पत्र मी शाळेतच बसून लिहितो आहे, घरी आईसमोर लिहवत नाही.

काल चित्रपटगृहावर नवं पोस्टर लागलं. काळं विवर, त्यातून वर आलेला नख्यांचा हात, आणि खाली लाल अक्षरांत 'पातळी एकेचाळीस'. त्याखाली लिहिलंय, 'तिथून कोणी वर आलं नाही.' जूनमध्ये लागतो आहे. खाणीत गाडले गेलेले मजूर राक्षस होऊन वर येतात आणि गावातल्या पोरीबाळींना ओढून नेतात, अशी गोष्ट आहे म्हणे. माझ्या वर्गातली पोरं लाकडाचे नख्यांचे पंजे कोरून एकमेकांच्या मानेला लावत होती. त्यातल्या एकाचा आजोबा बाबांच्या शेजारीच गाडला गेला. ते पोराला माहीत नाही, किंवा माहीत आहे आणि काही वाटत नाही. मी सगळे पंजे भट्टीत टाकले आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

कांगासबाईंनी पोस्टर पेपरात पाहिलं. त्या आमच्याकडे आल्या, बसल्या, आणि आईला एवढंच म्हणाल्या की आमच्या वाइनोला आता नख्या फुटल्या. मग कॉफी पिऊन गेल्या.

मि. ड्वायर म्हणतात, नाव बदला. बदललं नाही तर बारा मेला दाखवता येणार नाही, कारण लोकांना वाटेल की आम्ही त्या भुताच्या सिनेमाची जाहिरात करतो आहोत, किंवा त्याच्यावर पोट भरतो आहोत. माणूस वाईट नाही, पण भित्रा आहे. मी म्हटलं, माझा सिनेमा दहा वर्षं आधीचा आहे. तर म्हणाले, कोणाला ठाऊक आहे?

म्हणून तुला विचारतो. एवढ्या मोठ्या कंपनीने हे नाव शोधून घेतलं असेलच. लॉस एंजेलिसमध्ये तुमच्यासारखी दुकानं असतील किती? चार? पाच? कोणी शोधलं, आणि माझा सिनेमा त्यांना सापडला कसा नाही? तू एक फोन केलास तर दोन मिनिटांत कळेल. अजून जूनला वेळ आहे. कोणीतरी त्यांना सांगितलं की ही बारा खऱ्या माणसांची जागा आहे, त्यांच्या बायका अजून जिवंत आहेत, तर कदाचित त्यांना लाज वाटेल. लाज वाटणारी माणसं तिकडे असतील ना एखाददुसरी?

लवकर लिही. तुझ्यावरच भिस्त आहे.

रेनो


लॉस एंजेलिस
२७ मार्च १९८६

प्रिय रेनोस,
आशीर्वाद, वि. वि.

पोस्टर मीही पाहिलं. ओंगळ आहे. इथे तर बसच्या पाठीवर लावलं आहे, ऑफिसला जाताना तो हात माझ्यापुढे चालत असतो.

मी चौकशी केली. कोणी शोधलं ते काही कळत नाही. ही कामं गुपचूप होतात, एका दुकानाचं दुसऱ्याला सांगत नाहीत. आणि कळलं तरी उपयोग काय? मागच्या पत्रात लिहिलं तेच पुन्हा लिहिते की कायद्याने तुला काहीही करता येत नाही. पोस्टरं छापून झाली, जाहिराती दाखवून झाल्या. आता तुझ्या पत्राने कंपनी नाव बदलेल हे मनातून काढून टाक.

माझं ऐक. मि. ड्वायर दारात आले आहेत, त्यांना परत पाठवू नकोस. नाव बदल आणि सिनेमा दाखव. कांगासबाईंना मी लिहीन हवं तर. माणसं तीच राहतात, बोलणं तेच राहतं, वरची एक पाटी बदलते. पाटीसाठी सगळं घालवणारा तू एकटाच सापडशील मला. लहानपणीही तसाच होतास. बूट छोटे झाले तरी तेच हवेत म्हणून रडायचास आणि अनवाणी बर्फात जायचास.

आईची काळजी घे. तुझ्यावर माझा राग नाही, तुझाही माझ्यावर नसू दे.

आयली


आर्मिटेज
१४ एप्रिल १९८६

सौ. आयली बर्जेस यांस,
नमस्कार.

नवऱ्याचं आडनाव लिहिलं कारण कागदावर तेच आहे. मि. ड्वायरनी आपली बाजू पक्की करायला त्या कंपनीला पत्र घातलं होतं. कंपनीच्या वकिलांनी फार सभ्यपणे उत्तर दिलं. आम्हाला तुमच्या गावच्या सिनेमाची कल्पना होती, आम्ही रीतसर शोध घेतला होता, आणि सोबत यादीचं ते पान. पानाच्या तळाशी 'शोध : आ. बर्जेस'. तारीख गेल्या सप्टेंबरची. म्हणजे जानेवारीत मी तुला नाचत पत्र लिहिलं तेव्हा तुला चार महिन्यांपासून माहीत होतं.

मला वाटलं होतं की आमचा सिनेमा त्यांना सापडला नसेल. सापडला होता! तुझ्याशिवाय कोणाला सापडणार? तुझ्या यादीत तो नववा आहे. आठवी एक इंग्लंडची रेडिओ मालिका, दहावं एक कोळ्यांचं गाणं, आणि मध्ये आम्ही. तू लिहिलेलं तुला वाचून दाखवतो. 'एकेचाळिसावी पातळी. १९७६. हौशी. मिशिगनच्या एका खाणगावात चर्चमधून दाखवला. आता दाखवला जात नाही. हरकत घेईल का? निर्माता परिचयाचा आहे. हरकत घेणार नाही.'

ते पान मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. हौशी म्हटलंस, ठीक, आहेच मी हौशी. पण हरकत घेणार नाही हे तू मला कधी विचारलंस? शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर आईऐवजी तू सही करायचीस, तशीच इथेही केलीस?

वकिलांच्या पत्रात आणखी एक ओळ आहे. कंपनीपुढे दोन नावं होती, 'खालून हाक' आणि हे. यादीत कोणी जिवंत माणूस हरकत घेण्यासारखा असता तर आम्ही पहिलंच घेतलं असतं, असं त्यांनी सौजन्याने कळवलं आहे. म्हणजे कायदा वगैरे काही नाही. तुझे तीन शब्द पुरे होते.

आणि नंतर मला लिहिलंस, चौकशी केली, काही कळत नाही.

मी नाव बदललेलं नाही. टीव्हीचं बारगळलं. कांगासबाईंना मी जाऊन सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही, ते तुझ्यासाठी नव्हे, आईसाठी.

रेनो लाहतिनेन


लॉस एंजेलिस
२२ एप्रिल १९८६

रेनो,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तो तुला आता चालेल असं वाटत नाही.

हो, मी लिहिलं. सप्टेंबरच्या एका सोमवारी ते नाव माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी बाहेर जाऊन जिन्यात बसले. मग परत येऊन यादी केली. तुझा सिनेमा कार्डांत कुठेच नव्हता. गाळला असता तर कोणाला कळलंही नसतं. पण गाळणं माझ्याने होईना, म्हणून तो लिहिला. शेवटचा रकाना कोरा ठेवता येत नाही. मी खोटं बोलले, ते मागच्या पत्रात. त्याची माफी मागते. त्या ओळीची मागत नाही.

तुला कारण हवं आहे ना? पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात मी तिकडे आले होते. आईने तुझ्या कॅमेऱ्यासमोर बसायला नाही म्हटलं. मी बसले. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी, चार मिनिटं बोलले. तू कॅमेरा बंद केलास आणि मग म्हणालास, बघू. पुढच्या वर्षी चर्चच्या तळघरात मी पहिल्या रांगेत बसून सिनेमा पाहिला. आठ माणसं बोलली. मी नव्हते. तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून आपण एकमेकांना संत्री पाठवतो आणि गुडघ्यांची चौकशी करतो.

मी काय बोलले होते ते तू विसरला नसशील. तरी पुन्हा लिहिते, म्हणजे यावेळी कापता येणार नाही. तू पाच वर्षांचा होतास, बाबा पाळीवर निघाले तेव्हा झोपला होतास. मी चौदा वर्षांची होते, टेबलाशी होते. बाबा त्या पाळीचे मुकादम होते. ते आईला म्हणाले की एकेचाळिसाव्या पातळीवरचे लाकडी टेकू गुरुवारपासून करकरताहेत, पण वरून हुकूम आहे की धातू काढून संपवा. आई म्हणाली, जाऊ नका. ते म्हणाले, मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा मुकादम येईल. मग म्हणाले की माणसं आत यायला तयार नाहीत, त्यांना मी सांगणार आहे की मी स्वतः जाऊन सगळं पाहून आलो आहे. आई म्हणाली, पण तुम्ही पाहिलेलं नाही. बाबांनी कोट चढवला आणि गेले.

अकरा माणसं त्यांच्या शब्दावर आत गेली, रेनो. तुझ्या सिनेमात ते हुतात्मा आहेत. शेवटी त्यांचा फोटो आणि ऑर्गन वाजतो. मी पहिल्या रांगेत बसून तो ऑर्गन ऐकला आणि माझ्या शेजारी सेन्या कांगास रुमाल डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्यांचा वाइनो आत गेला तो आपल्या बाबांनी खोटं सांगितलं म्हणून, आणि हे त्या तळघरात फक्त आपल्या घरच्यांना माहीत होतं. त्या नावाची तुला काळजी वाटते. मला त्या नावाची शिसारी आहे. कोणी तरी ते नाव उचलून नेलं, त्याच्यावर नख्या रंगवल्या, तर नेऊ दे असं मला वाटलं. खरंच वाटलं, एक क्षणभर, आणि त्या क्षणात मी तो रकाना भरला.

तू विचारतोस, मला विचारलंस का? तू मला विचारलं होतंस का?

आयली


आर्मिटेज
२ मे १९८६

आयली,

तुझं रीळ माळ्यावर होतं. टाकलं नव्हतं. काल शाळेच्या यंत्रावर लावून पाहिलं.

मी ते कापलं कारण मला बाबा आठवत नाहीत. एकही गोष्ट आठवत नाही, हात नाही, आवाज नाही. त्या आठ जणांनी बोलून बोलून मला एक बाप करून दिला होता आणि तू चार मिनिटांत तो घेऊन जात होतीस. तुझ्याकडे निदान खरा होता, वाईट का असेना. हे मी तुला दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तुझ्या त्या ओळीला यामुळे माफी मिळते असं समजू नकोस. मिळत नाही.

पण तू म्हणतेस की सिनेमा खोटा आहे, तर तो खोटा राहू नये. टीव्ही नाही तर नाही. बारा मेला चर्चच्या तळघरात दाखवणार आहे, जुन्याच नावाने. तुझी चार मिनिटं मी जोडली आहेत, ऑर्गनच्या जागी. आईला आधी सांगितलेलं नाही. तिने मला थांबवलं असतं.

तुला यायचं तर ये. नाही आलीस तरी तू तिथे असशीलच.

रेनो


आर्मिटेज
१८ मे १९८६

चि. आयलीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. पण रेनो लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. तो शाळेतून येतो आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसतो. जेवायला हाक मारली तर येतो. तब्येत बरी आहे.

सोमवारी तळघर भरलं होतं. एवढे लोक मी पास्टर वारले तेव्हासुद्धा पाहिले नव्हते. त्या भुताच्या पोस्टरमुळे तरुण पोरंही आली होती. नातवंडं आली होती. सगळं नीट चाललं होतं. शेवटी आपलं स्वयंपाकघर दिसलं आणि तू दिसलीस. तुझ्या अंगात माझा ठिपक्यांचा ब्लाउज होता. तू बोललीस ते अक्षर न अक्षर खरं आहे, मी त्याच टेबलाशी होते. दिवे लागले तेव्हा लोक उठले आणि बाहेर गेले. मी कॉफी मांडली होती. एकही कप उचलला गेला नाही.

आयली, तुला वाटत होतं की हे फक्त आपल्या घरात माहीत आहे. रेनोला वाटत होतं की त्याने ते लपवलं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही ही माझी चूक, ती मी आता सांगते. ते सगळ्यांना माहीत होतं. ओन्नी रुओना एकटा जिवंत वर आला, तो त्या दिवशी आपल्याच दारात उभा राहून तुझ्या बाबांचं माझ्याशी झालेलं बोलणं ऐकून होता. त्याने पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. नवव्या दिवशी अकराच्या अकरा जणी माझ्या दारात आल्या. मला वाटलं, मला गावातून हाकलायला आल्या. त्यांनी आणलेला वेणीसारखा गुंफलेला गोड पाव टेबलावर ठेवला. सेन्या म्हणाली की तोही आमच्यांबरोबर खालीच आहे, आणि तुझी पोरं लहान आहेत. आम्ही हे पुन्हा बोलणार नाही. बस, एवढंच बोलणं झालं.

आणि त्या बोलल्या नाहीत. पस्तीस वर्षं. रेनो कॅमेरा घेऊन दारोदार गेला तेव्हा त्यांनी त्याला त्याच्या बापाच्या चांगल्या गोष्टी सांगितल्या. काही खऱ्या होत्या, काही त्यांनी बनवल्या. सेन्याने त्याच्याकडून नावाचं वचन घेतलं, कारण निदान आकडा तरी खरा असावा असं तिला वाटत होतं. रुमाल ती डोळ्यांना लावायची तो तुझ्या बाबांसाठी नव्हता, वाइनोसाठी होता, आणि मी शेजारी आहे म्हणून ती आवाज करत नव्हती.

आता ते भर सभेत, दिवे मालवून, नातवंडांसमोर बोललं गेलं. कोणी बोललं नव्हतं तोवर त्या माझ्याशी बोलू शकत होत्या. आता पोरं त्यांना विचारतात, आजी, हे खरं का, आणि तुला माहीत होतं का? त्यांना उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिल्यावर पुन्हा माझ्या घरी कॉफीला कसं यायचं? मी त्यांना दोष देत नाही. तुम्हा दोघांनाही देत नाही. तुम्ही एकमेकांना इतका दोष दिला आहे की माझ्यासाठी काही उरलेलं नाही. तू सध्या येऊ नकोस. संत्रीही पाठवू नकोस, वाटायला जायला मला घर नाही.

आज रविवार होता, म्हणून चर्चला गेले. प्रार्थना संपल्यावर सेन्या मला पायऱ्यांवर भेटली. ती चांगली वागली. माझा हात धरून खाली उतरवलं, गुडघ्याची चौकशी केली. ती मला या गावात आले त्या दिवसापासून हिल्मा म्हणते. आज म्हणाली, जपून जा, लाहतिनेनबाई.

तुझी,
आई